मोहल्ल्याचा फळा

हैदराबादेत, बरकतपुऱ्यातील आमच्या गल्लीच्या तोंडाशी, सार्वजनिक नळाच्या मागील भिंतीवर, बलदियाचा एक काळा फळा होता. बलदिया म्हणजे नगरपालिका. आम्हांला दुसरा शब्द ठाऊक नव्हता. दोन माणसे हात पसरून शेजारी उभी राहिली तर झाकला जाईल एवढी त्याची रुंदी, वर पावसासाठी पत्र्याचे छप्पर, आणि तळापासून हातभर उंचीवर आडवी मारलेली एक पांढरी रेघ. रेघेच्या वरचा भाग सरकारी. नळाला पाणी किती वाजता, देवीची लस टोचणारे कोणत्या दिवशी, रॉकेल कोणत्या दुकानी, मोकाट कुत्री केव्हा धरणार, हे तेथे उर्दू, तेलुगू आणि मराठी अशा तीन लिप्यांत लिहिले जाई. रेघेच्या खालचा भाग मोहल्ल्याचा. कोणाकडे मूल झाले, कोण वारले, कोणाची बकरी सुटली, कोणाची छत्री कोणाच्या ओट्यावर राहिली, ते खाली. खालच्या भागाला एकच नियम होता. ज्या घरची बातमी, त्या घरच्या माणसाने स्वतः येऊन सांगितली पाहिजे. ऐकीव लिहायचे नाही. नियम माझ्या वडिलांनी घातला होता आणि तो मोडलेला माझ्या पाहण्यात नाही. मी जे केले ते नियम पाळूनच केले.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते बलदियाच्या कचेरीत मुतर्जिम, म्हणजे भाषांतरकार होते. हुकूम उर्दूत निघत. अण्णा त्यांचे मराठी आणि तेलुगू करीत. त्यांच्याच मेजाच्या दुसऱ्या बाजूला यासीन साहेब बसत. ते कातिब होते. छापायचा उर्दू मजकूर ते बोरूने सुंदर अक्षरांत लिहीत आणि मग तो शिळेवर उतरे. त्यांचे घर आमच्या समोर, त्यांच्या वडिलांनी बांधलेले, चार खोल्यांचे. सकाळी दोघे कचेरीत जाण्याआधी फळ्याशी येत. यासीन साहेब उर्दू लिहीत, अण्णा बाकीचे. लिहिण्याआधी प्रत्येक मजकूर रोजनामच्यात, म्हणजे एका जाड बांधीव वहीत, उतरवायचा आणि खाली लिहिणाऱ्याने सही करायची, ही अण्णांची शिस्त. फळा दुसऱ्या दिवशी पुसला जातो, वही राहते, असे ते म्हणत. नळावर भांडी घेऊन उभ्या असलेल्या बायका आणि पुरुष मागे ओळीने वाचत, ज्यांना वाचता येत नसे ते दुसऱ्याला विचारीत. समोरचा टांगेवाला रोज एकच विनोद करी. "बलदिया का पानी हौर दामाद, दोनों लिखे वक्त पे नहीं आते." रोज लोक हसत. अण्णा कधी हसले नाहीत. यासीन साहेब प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसत.

हल्ली मी विद्यानगरात मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहतो. येथेही फळा आहे, पण तो प्रत्येकाच्या खिशात आहे. "आज टाकीची सफाई, पाणी येणार नाही," असा निरोप फोनवर येतो आणि नात मला वाचून दाखवते. मराठी ती अक्षर लावून लावून वाचते, त्यामुळे मजकूर इंग्रजी अक्षरांत असला की तिला बरे वाटते. इमारतीत कोणी वारले तर माणसे फोनवर तीन इंग्रजी अक्षरे टाकतात. कोणी टाकली ते मी पाहतो. ज्या घरचा माणूस गेला त्या घरच्यांनी काही सांगितलेले असते की नाही, ते कळत नाही.

आमचे घर आवाजांवर चालत असे. पहाटे काचिगुड्याच्या बाजूने गाडीची शिटी येई, ती पहिली. मग नळात हवा घुसघुसू लागे. तो आवाज ऐकताच आई घागर घेऊन उठे. मग समोरच्या घरातून यासीन साहेबांचा खोकला आणि खालांचे बोलणे. त्यांच्या पत्नीला सारा मोहल्ला खाला म्हणे. खालांचा आवाज मोठा होता आणि त्याला कुलूप नव्हते. "उठो मियाँ, तुमारे हर्फ सूख गए होंगे," असे त्या नवऱ्याला रोज म्हणत आणि ते रोज सांगत, "हौ बेगम, तुमारी जबान कब सूखती, वो देख रहूँ." आईला हे बोलणे असभ्य वाटे. पण सकाळचे काम करताना तिचे कान तिकडेच असत आणि एखाद्या दिवशी आवाज आला नाही तर ती मला पाठवून, "खालांना बरं नाही का, विचारून ये," असे म्हणे.

आमचे जेवण ज्वारीची भाकरी, चिंचेचे आंबट वरण आणि अंबाडीची भाजी. सणाला पुरण. आईचे सोवळे कडक होते. समोरच्या घरात शिजलेले आमच्या घरात येत नसे. खालांना ते ठाऊक होते, आणि त्यांनी त्यावर स्वतःच एक तोड काढली होती. ईदेच्या आदल्या दिवशी त्या ताटात कोऱ्या शेवया, खारका, चारोळी आणि साखर घालून, वर धुतलेला रुमाल झाकून पाठवीत. आई आमच्या पातेल्यात, आमच्या दुधात शीरखुर्मा शिजवी, आणि पहिली वाटी समोर पाठवी. खाला ती चाखून ओट्यावरून ओरडत, "बहन, इस साल दूद कम पड़ा!" आई दाराआडून उत्तर देई, "दूध कमी नाही, तुमच्या शेवया जाड!" दोघींच्या भाषा वेगळ्या होत्या. भांडण एकच होते.

मी मॅट्रिक झालो त्या वर्षी अण्णांच्या उजव्या हाताला कंप सुटला. कचेरीत ते कागद दोन्ही हातांनी धरून काम उरकीत, पण उभ्या फळ्यावर खडू चालेना. मराठी आणि तेलुगू माझ्याकडे आले. उर्दू मी शाळेत शिकलो होतो, पण माझे अक्षर पाहून यासीन साहेबांनी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "वसंत मियाँ, ये हर्फ हैं के चूंट्याँ चल रईं?" चूंट्याँ म्हणजे मुंग्या. त्यानंतर वर्षभर रोज दुपारी मी त्यांच्या घरी बैठकीवर बसून पाटी घोटली. ते हात धरून शिकवीत नसत. शेजारी बसून स्वतःचे लिहीत, आणि माझी चूक झाली की त्यांचा बोरू थांबे. तेवढेच. त्यांना एकच मुलगी होती, सकीना आपा. तिचे लग्न बिदरजवळच्या एका कसब्यात झाले होते. तिच्या पत्राचा दिवस असला की ते शिकवणीत लक्ष देत नसत.

येथे एका चालीविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यामुळे घडले. आमच्याकडे कोणी हजला किंवा काशीला निघाला, की तो मोहल्ल्यात घरोघर जाऊन "कहा-सुना माफ" म्हणे. बोलण्यात काही उणेअधिक गेले असेल तर पोटात घाला, वाटेत काही झाले तर मनात राहू नये, एवढा त्याचा अर्थ. घरोघर जाणे ज्यांना होत नसे त्यांच्यासाठी ती ओळ फळ्याच्या खालच्या भागात लिहिली जाई. "अमुक साहेब हजला निघाले आहेत, कहा-सुना माफ." "अमुक शास्त्री काशीयात्रेस जात आहेत, उणेअधिक क्षमा असावी." वाचणारा फळ्यापुढे क्षणभर थांबे आणि "माफ" म्हणून पाणी भरायला वळे. तो माणूस परतला की दुसरी ओळ येई, आणि पेढे.

नंतर ते वर्ष आले. शहरात आणि राज्यात तेव्हा काय चालले होते ते इतिहासाच्या पुस्तकांत आहे. मी ते येथे पुन्हा लिहीत नाही. आमच्या गल्लीपुरते सांगतो. त्या पावसाळ्यात यासीन साहेब रोज संध्याकाळी पानाचा डबा घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसत. स्वतःचा ओटा सोडून. हातात काठी असलेली काही मुले दोनदा गल्लीत आली. दोन्ही वेळा त्यांनी यासीन साहेबांना सलाम केला, त्यांनी घेतला, पान लावून दिले, आणि मुले निघून गेली. ते का बसतात याविषयी अण्णा आणि ते कधी बोलले नाहीत. आई त्यांच्यासाठी रोज सुपारी कातरून ठेवू लागली.

सप्टेंबरात फौजा आल्या. चार-पाच दिवसांत सारे संपले. फळा आठवडाभर कोरा होता. नंतर अण्णांनी मला पहिला मजकूर दिला, तो संचारबंदीच्या वेळांचा. गल्लीतल्या आमच्या घरांत साखर वाटली गेली. समोरच्या घराचे दार बंद होते. सकीना आपाच्या बाजूने बातम्या येत होत्या त्या अर्धवट आणि वाईट. ज्या दिवसांत आम्ही सुटलो, त्याच दिवसांत त्यांचे बुडाले, हे मला तेव्हा समजले नव्हते असे मी म्हणणार नाही. समजले होते. त्याला काय करायचे ते समजले नव्हते.

गाड्या सुरू झाल्या त्या आठवड्यात एका सकाळी यासीन साहेब फळ्याशी आले. अंगात शेरवानी, पायांत प्रवासाचे जोडे. मी वरचा भाग लिहीत होतो.

"वसंत मियाँ, नीचे एक सतर लिख दो."

"क्या लिखूँ साहेब?"

"वही, जो लिखते. कहा-सुना माफ."

मी म्हणालो, ती ओळ तर हज किंवा काशीसाठी असते. ते थोडे हसले. "बेटी कू ढूँडने जा रहूँ मियाँ. हज से कम है क्या?"

मी वही उघडली. बिदरचे नाव लिहावे की नाही, असा प्रश्न पडला. अण्णांनी घरात सांगून ठेवले होते की यासीन साहेब कोठे जातात ते वाटेत किंवा बाजारात बोलायचे नाही. दिवस चांगले नाहीत. म्हणून मी ठिकाण गाळले. किती दिवसांसाठी ते त्यांनाच ठाऊक नव्हते, म्हणून तेही गाळले. मी लिहिले, "यासीन साहेब आणि त्यांचे कुटुंब मोहल्ल्याचा निरोप घेत आहेत. कहा-सुना माफ." सही केली आणि फळ्यावर उतरवले. मी ते त्यांना वाचून दाखवले, त्यांनी मान हलवली, आणि टांग्याकडे गेले. खाला आमच्या दारात आईशी बोलत होत्या. एक पेटी, एक वळकटी. घराची किल्ली त्यांनी आईच्या हातात दिली. "बहन, तुळशी कू पानी डालते वखत मेरी मोगरी कू भी डालो." आईने किल्ली आपल्या जुडग्यात ओवली. टांगेवाल्याने त्या दिवशी विनोद केला नाही.

महिनाभराने एक कार्ड आले. जावई आणि त्याचा भाऊ मारले गेले होते. सकीना आपा दूरच्या एका गावात कोणाच्या तरी आसऱ्याला सापडली होती, तिला हलवता येत नव्हते, ताप उतरत नव्हता. अण्णांनी कार्ड वाचले आणि देवघराच्या फळीवर ठेवले. उत्तर मी लिहिले. आई रोज समोरचे कुलूप काढी, घर झाडून घेई, मोगऱ्याला पाणी घाली, आणि कुलूप लावी.

कचेरीचे रूप बदलत होते. वर नवे अधिकारी आले, हुकूम उर्दूत निघेनासे झाले. भाषांतराच्या विभागात कोण राहणार आणि कोणाला घरी बसवणार, याची यादी तयार होत होती. हाताला कंप असलेल्या मुतर्जिमाचे नाव कोणत्या बाजूला पडेल ते अण्णांनी आम्हांला सांगितले नाही. पेला हलताना दिसू नये म्हणून ते जेवताना डाव्या हाताने पाणी पिऊ लागले. धाकट्या दोन बहिणी होत्या. घर त्या एका पगारावर होते.

पुढच्या उन्हाळ्यात मालक सोडून गेलेल्या घरांचा ताबा घेणारी एक नवी कचेरी शहरात सुरू झाली. तिचे नाव मी लिहीत नाही. पश्चिमेकडून सर्वस्व गमावून माणसे येत होती, त्यांना निवारा हवा होता. कामात अन्याय होता असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही. त्या कचेरीची एक अफवा मात्र मोहल्ल्यात पसरली होती. पलीकडच्या गल्लीतल्या एकाकडे, घर सोडून गेलेल्या शेजाऱ्याची किल्ली सापडली, तर त्याला सामान लपवल्याच्या संशयाने दोन दिवस बसवून ठेवले होते.

एका दुपारी त्या कचेरीचा तपासनीस आमच्या दारी आला. उत्तरेकडचा, तरुण, नम्र. अण्णा कामावर होते. समोरच्या बंद घराविषयी चौकशी करायची आहे, म्हणाला. रोजनामचा मागितला. मी दिला. त्याने पाने उलटली आणि ती ओळ काढली.

"यह आपका लिखा है?"

"जी."

"उन्होंने खुद लिखवाया?"

"जी. त्याशिवाय आम्ही लिहीत नाही," हे मी अभिमानाने सांगितले. मग हिंदीत पुन्हा सांगितले.

"मोहल्ल्याचा निरोप घेत आहेत," या शब्दांचा त्याने माझ्याकडून अर्थ वदवून घेतला आणि लिहून घेतला. सामान काय नेले, विचारले. मी पेटी आणि वळकटी सांगितली. मग त्याने मान वर न करता विचारले, "घर की चाबी किसके पास है?"

आई आतल्या दाराच्या मागे उभी होती. मला तिचा पदर दिसत होता. जुडगा तिच्या कमरेला होता. मी पलीकडच्या गल्लीतला माणूस आठवला, अण्णांची यादी आठवली. मी म्हणालो, "मालूम नहीं."

त्याने ते लिहिले आणि मला सही करायला सांगितले. मी केली. जुडगा वाजला नाही. आईने तो मुठीत धरला असावा.

अण्णांना संध्याकाळी आईने सांगितले. ते ताटावरून उठले. "उद्या जाऊन खरे सांगून ये," म्हणाले. आई म्हणाली, "यादी लागू द्या आधी. मग सांगेल की तो. दोन पोरी हैत घरात." अण्णा तसेच उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहत होतो. ते आता बोलतील असे मला वाटत होते, आणि त्यांनी बोलू नये असेही वाटत होते. ते हात धुवायला गेले. दहा दिवसांनी समोरच्या कुलपावर दुसरे कुलूप आले, लाखेचे शिक्के मारलेले. मोगऱ्याला त्यानंतर पाणी मिळाले नाही.

यासीन साहेब आणि खाला श्रावणात परत आले. दोघेच. सकीना आपा आठ महिने जगली होती. टांग्यातून उतरून दोघे आपल्या दारापुढे उभे राहिले. दोन कुलपे पाहून खाला काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत म्हणून सगळी गल्ली बाहेर आली. आईने पुढे होऊन त्यांचा हात धरला आणि आमच्या घरात आणले. ती त्या दिवशी त्यांच्यासाठी रांधून त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. सोवळ्याचे काय, हे तिला कोणी विचारले नाही. खालांनी दोन घास खाल्ले. नंतर आईने जुडग्यातून किल्ली काढून पुढे केली. खालांनी ती उलटसुलट पाहिली. "इसका क्या करूँ बहन?" त्या एवढेच म्हणाल्या.

संध्याकाळी पुढच्या खोलीत अण्णांनी यासीन साहेबांना सगळे सांगितले. मला समोर बसवून सांगितले. वहीतील ओळ, तपासनीस, किल्ली, माझे उत्तर. शेवटी म्हणाले, "मला त्याच दिवशी कळले होते. मी गप्प राहिलो."

यासीन साहेबांनी पाणी मागितले. प्यायले. मग अण्णांच्या नोकरीचे विचारले, "मुलाजमत का क्या हुआ? पक्की हुई?"

"अब तक नहीं," अण्णा म्हणाले.

यासीन साहेबांनी मान हलवली आणि दुसरा विषय काढला.

यासीन साहेबांनी घर परत मिळावे म्हणून त्या कचेरीत अर्ज केला आणि सुनावणी लागली. माझी साक्ष होती. निघताना अण्णांनी ते जुने कार्ड माझ्याकडे दिले, आईकडून किल्ली घेऊन तीही दिली, आणि म्हणाले, "आज सांग. नोकरीचे मी पाहीन."  वाटेत यासीन साहेब माझ्याशी पावसाविषयी बोलले.

अधिकारी वयस्क होते, कठोर नव्हते. त्यांनी वहीतील ओळ मोठ्याने वाचून घेतली. "आप कहते हैं, बेटी को देखने गए थे. फिर सारे मोहल्ले से माफी क्यों माँगी?"

"हमारे यहाँ रिवाज है, साहेब. लंबे सफर कू निकले तो बोलते."

"हैदराबाद से बिदर? इतने से सफर के लिए माफी कौन माँगता है?"

"उन दिनों में, साहेब," यासीन साहेब म्हणाले, "हम माँगे."

अधिकाऱ्यांनी कार्ड पाहिले. कार्डावर ताप होता, मृत्यू होते, परत येऊ असे कोठे नव्हते. कार्ड परत देताना ते खरोखर विचारात पडले होते, हे मी पाहिले. "देखिए," ते म्हणाले, "लौटने वाला आदमी चाबी किसी के पास रखकर जाता है. आप चाबी किसे देकर गए थे?"

किल्ली माझ्या खिशात होती. मी बाकावरून अर्धा उठलो. यासीन साहेब माझ्या पुढे उभे होते, त्यांनी मागे वळून पाहिले नाही. पण मी उठल्याचे त्यांना कळले असावे, कारण ते घाईने बोलले, आणि त्यांना घाईने बोलताना मी त्यापूर्वी ऐकले नव्हते.

"किसी कू नहीं दी, साहेब. साथ ले गए थे. रस्ते में गुम गई."

खोलीत पंखा होता. त्याचा आवाज मला अजून सांगता येईल. अधिकारी थोडा वेळ थांबले. मी बोललो असतो तर तो वेळ पुरेसा होता. मी खाली बसलो. त्यांनी लिहून घेतले.

बाहेर पायऱ्यांवर मी खिशातून किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही. "घर कू चलो, तुमारी अम्मा राह देखतीं," म्हणाले. घरी अण्णांनी मला एकच विचारले. "सांगितलेस?" मी म्हणालो, "मला विचारले नाही." ते खरे होते. अण्णांनी पुढे विचारले नाही. त्यांना समजले. त्यानंतरच्या बावीस वर्षांत, त्यांच्या मृत्यूपर्यंत, आमच्यात त्या दिवसाविषयी एक शब्द झाला नाही. त्या महिन्याअखेर यादी लागली, आणि अण्णांचे नाव राहणाऱ्यांत होते.

मी हे लिहायला घेतले तेव्हा मुलगा म्हणाला, इतक्या जुन्या गोष्टी आता कोणाला कळणार. कळाव्यात म्हणून मी लिहीत नाही. रोजनामच्यात त्या घराविषयी माझ्या सहीची एक ओळ आहे, आणि त्या कचेरीच्या कागदांत दुसरी. दोन्ही अपुऱ्या आहेत. तिसरी कोठेतरी असावी.

घर परत मिळाले नाही. यासीन साहेब आणि खाला पंधरा दिवस आमच्याकडे राहिले आणि मग काचिगुड्याच्या मागे एका खोलीत गेले. बलदियात आता कातिबाची गरज नव्हती. ते दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. सुरुवातीला उर्दू, मग गिऱ्हाईक मागेल ती लिपी. मी कागदावर तेलुगू आणि नागरी अक्षरे काढून देई, ते पाहून पाहून रंगवीत. अर्थ विचारीत नसत.

कार्तिकात एके सकाळी अण्णांनी मला फळ्यासाठी मजकूर दिला. देताना कागद उलटा धरला होता. आमच्या भागातील ताब्यात घेतलेल्या घरांची ती यादी होती. नऊ घरे, घर क्रमांक आणि मूळ मालकाचे नाव, फळ्याच्या वरच्या भागात, तिन्ही लिप्यांत. मी ती वहीत उतरवली, सही केली आणि फळ्याशी गेलो. पाण्याची वेळ होती, गर्दी होती. मराठी लिहून झाले. तेलुगू लिहून झाले. उर्दूला आरंभ केला तेव्हा मागून बायका विचारू लागल्या. "कौन कौन से घर हैं बावा? वाचून तरी दाखव." पाच, सहा, सात झाली. आठव्या क्रमांकावर माझा हात थांबला.

मागे कुजबूज झाली आणि माणसांनी थोडी वाट दिली. पाटीच्या रंगाचा वास आला. यासीन साहेब माझ्या खांद्याशी येऊन उभे होते, हातात कुंचल्यांची पिशवी. कामावर जाता जाता गर्दी पाहून थांबले असावेत. त्यांनी फळा वरून खालपर्यंत वाचला, जेथे मी थांबलो होतो तेथपर्यंत.  नळाखालची घागर भरून वाहू लागली होती आणि ती कोणी बाजूला केली नाही.

"लिखो मियाँ," ते म्हणाले. "लोगां खड़े हैं."

मी लिहिले.